पोपटी काटा

"थांबा, थांबा, थांबा—!"

पायलने ब्रेकवर पाय दाबला, पण उशीर झाला होता. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या अरुंद गल्लीत ती व्हॅन मागे घेत होती आणि मागच्या चाकाखाली काहीतरी गेलं होतं. काहीतरी मऊ!  दार उघडून ती धावतच मागे गेली. बाजूला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखालून दोन पाय बाहेर आले होते.

"भाऊ! लागलं का हो?"

पायांची बोटं हलली. मग हळूहळू सगळा माणूस बाहेर सरकला. पंचविशीतला, कुरळ्या केसांचा, गालावर काळ्या ऑइलचा पट्टा ओढलेला. उठून बसत त्याने चाकाखाली वाकून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मले नाही लागलं. चपलेले लागलं."

चाकाखालून निळ्या चपलेचं टोक तेवढं डोकावत होतं.

पायलचा जीव भांड्यात पडला आणि मग तिला रागच आला. "चप्पल रस्त्यात कायले ठेवता?"

"मंग पायात ठेवाले पाह्यजे होती? लयच मजा आली असती."

तिने ओठ दाबले, पण हसू निसटलंच. ते लपवायला तिने घाईघाईने विचारलं, "इथं मीटरवाला कोणी हाय म्हणे. संघदीप मुनेश्वर. कुठं बसते तो?"

"आधी चपलेवरून उतरा, मंग सांगतो."

तिने व्हॅन पुढे घेतली. त्याने चपटी झालेली चप्पल उचलली, झटकली, पायात घातली आणि समोरच्या टिनाच्या शेडकडे बोट दाखवलं. "तिथं बसते. येईनच आता."

आणि स्वतःच आत जाऊन स्टुलावर बसला. "बोला. काय झालं मीटरले?"

मीटरला तसं काहीच झालं नव्हतं. झालं होतं बेबीताईला.

त्या वर्षांत बाभुळगावकडच्या गावांमध्ये कुणाचंच काही धड चाललेलं नव्हतं. कापूस घरात यायचा आणि भावाची वाट पाहत घरातच पडून राहायचा. सरकी काढायच्या जिनिंगची मशिनं निम्मे दिवस बंदच. पायलचे वडील उकंडा खोब्रागडे अशाच एका जिनिंगवर ड्रायव्हर होते. तिथलं काम सुटल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि आजूबाजूच्या गावांतल्या मुलींची यवतमाळच्या शाळेत ने-आण सुरू केली. एसटी त्या गावांपर्यंत यायची नाही. उकंडाभाऊंची व्हॅन होती म्हणून मुली शाळेत टिकून होत्या. दिवाळीच्या आधी ते घराच्या पायरीवरून घसरले आणि डावा पाय प्लास्टरमध्ये गेला. नेमका क्लच दाबायचा पाय!

मग पायल पुढे झाली. बाबांच्या शेजारी बसून, जिनिंगच्या मोकळ्या आवारात ती गाडी शिकली होती. लायसन होतं, हात पक्का होता. पण मुलींच्या आयांचा जीव काही थाऱ्यावर राहीना. पोट्टी गाडी चालवणार? थेट यवतमाळपर्यंत?

या आयांची पुढारी म्हणजे बेबीताई. तिची सोनू नववीत होती, आणि ती स्वतः रोज मेथी-पालकाची टोपली घेऊन याच व्हॅनने यवतमाळच्या बाजारात जायची. तिने अट घातली, "चाळीसच्या वर काटा गेला नाही पाह्यजे. मी समोर बसन अन् काटा पाहीन."

पण काटा दिसेल तर ना! समोरच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने मीटरच्या काट्यांचा नारंगी रंग केव्हाच खाऊन टाकला होता. राखाडी डायलवर राखाडी काटे. पहिल्याच दिवशी बेबीताईने मान पुढे काढून, डोळे बारीक करून पाहिलं आणि ठणकावलं, "तू चाळीसवर हाय का साठवर, मी कसं समजू? असं असन तं उद्यापासून माई सोनू येत नाही." आणि सोनू नाही म्हटल्यावर बाकीच्याही नाहीत, हे पायलला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काटा दिसाले पाह्यजे," तिने संघदीपला सांगितलं. "असा की बेबीताईनं डोळे मिटले तरी दिसला पाह्यजे."

"एवढंच न?" तो हसला. हसताना गालावरचा ऑइलचा पट्टाही हसल्यासारखा वाकडा झाला. "व्हॅन आत घ्या. अन् या वेळेस मले विचारून घ्या."

त्याने डॅशबोर्डचे स्क्रू काढले, मीटर बाहेर घेतलं, वरची काच अलगद सोडवली. मग डब्यातून चहाचे दोन चमचे काढले. पायल बघतच राहिली. काट्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक चमचा सरकवून त्याने दोन्ही हातांनी सारखा जोर दिला. टुक्‌! काटा त्याच्या तळहातावर आला.

"एवढासा?"

"एवढासाच असते. लोकायले घाबरोते मात्र लय." त्याने पेट्रोलचा आणि इंजिनच्या गरमीचाही काटा काढला. "सांगा. लाल लावू का नारंगी?"

"पोपटी."

"पोपटी?" त्याने मान वर केली. "पोपटी रंग माया दुकानात नाही. कोणाच्याच दुकानात नसन."

पायलने पर्समधून एक छोटी बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली. नेलपॉलिश. घाटंजीच्या बाजारात तिने ती हौसेने घेतली होती, आणि घेतल्यापासून ती तशीच पर्समध्ये होती. असल्या रंगाची नखं घेऊन गावात फिरायचं म्हणजे...

"नखाले लावाची हिंमत नाही झाली," ती म्हणाली. "काट्याले लावू."

त्याने बाटली उजेडात धरली, हलवली. "एका नखावर लावून दाखवा बरं. वाळल्यावर कसा दिसते ते पाह्यलं पाह्यजे. कामासाठी."

"कामासाठी?"

"निव्वळ कामासाठी."

तिने करंगळीचं नख रंगवलं, फुंकर घातली आणि हात पुढे केला. त्याने नखाकडे पाहिलं थोडं, आणि तिच्याकडे जरा जास्तच. तिने हात मागे घेतला.

"कसा हाय?"

"लय... म्हणजे... दिसते. दुरून दिसते."

आधी पांढऱ्या रंगाचा हात, तो वाळला की पोपटी. थर पातळच पाहिजे, तो सांगत होता. रंग जाड बसला की काटा जड होतो. ब्रशचे दोन केस तेवढे त्याने रंगात बुडवले. पायल वाकून बघायला लागली, तशी तिची वेणी पुढे घसरून टेबलावर आली. ब्रश थरथरला.

"हात काहून हालून राह्यला?"

"तुम्ही श्वास घेऊन राह्यल्या म्हणून."

"मंग नको घेऊ?"

"घ्या... पण तिकडं तोंड करून घ्या."

ती तोंड फिरवून हसली. आणि वळून पाहते तर टेबलावर दोनच काटे! पेट्रोलचा काटा गायब. दोघांनी मिळून टेबल पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, स्क्रूचे डबे उपडे केले. संघदीप गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागला. पायलही शोधत होती, आणि एकदम तिला जाणवलं की तो शोधायचा थांबलाय. तो नुसता तिच्या खांद्याकडे बघत होता.

"काय झालं?"

"ते... तिथं..."

"कुठं?"

"तुमच्या... ओढणीले..."

ओल्या रंगाचा काटा तिच्या पांढऱ्या ओढणीला खांद्याजवळ चिकटून बसला होता. त्याने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला, मागे घेतला. शेवटी तिनेच तो सोडवून त्याच्या तळहातावर ठेवला. ओढणीवर एक बारीक पोपटी रेघ उमटली. "जाईन का हे?" तिने विचारलं. "थिनरनं जाईन," तो म्हणाला. पण थिनर काही त्याने दिलं नाही आणि तिनेही मागितलं नाही.

दुपारी काटे परत बसले. काळवंडलेल्या डायलवर तीन पोपटी काटे असे लखलखले की पायलने टाळीच वाजवली! पण काम अजून संपलं नव्हतं. वेगाचा काटा काढून परत बसवला म्हणजे तो खरं सांगतो की नाही हे तपासावं लागतं. संघदीपने आपली मोटरसायकल काढली. तिचं मीटर अचूक होतं. तो बाजूने चालणार, आणि हाताच्या बोटांनी आपला वेग दाखवणार. तीन बोटं म्हणजे तीस, चार म्हणजे चाळीस.

बाभुळगावच्या रस्त्याला दोन्ही अंगांना कपाशीची पऱ्हाटी फुटली होती, पांढरीशुभ्र. थंडीतलं उबदार ऊन, उघडी खिडकी, आणि खिडकीबाहेर, हात लांब केला तर लागेल इतक्यावर तो. शर्ट वाऱ्याने फुगलेला, केस उडालेले. त्याने चार बोटं वर केली.

"तुमचा किती दाखवते?" तो ओरडला.

"काय?"

"तुमचा काटा—"

वाऱ्यात 'तुमचा' काही टिकेना. "तुया काटा किती दाखवते?"

"पंचेचाळीस! तुया खोटा हाय का माया?"

"तुयाच!" तो खळखळून हसला.  इतक्या मोकळ्या रस्त्यावर, इतक्या मोठ्याने, ती आजवर कुणाशी बोलली नव्हती.

रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेताना कळलं की तो लवकरच पुण्याला चाललाय. त्याचा मित्र राजदीप तिथल्या एका गाड्यांच्या कारखान्यात होता, त्याने यालाही तिथे काम बघून ठेवलं होतं.

"तिथंही मीटरच का?" तिने विचारलं.

"तिथं मीटर उघडाचे नसते. पट्ट्यावरून गाडी येते, आपण स्क्रू पिळाचे, गाडी पुढं जाते. कोणाची गाडी, कोण चालोते, काहीच समजत नाही."

"मंग कायले चालला?"

त्याने कपातला चहा हलवला. "इथं कापूस पडला का समदंच पडते. बिघडलेली गाडी लोकं तशीच चालोते. मी करू काय?"

 मघाशी एवढा गोड लागलेला चहा आता नुसता गरम लागत होता.

दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा बसवून झाला. पुन्हा तोच रस्ता, तोच वारा. आज त्याला 'भाऊ' म्हणायचं राहून गेलं, हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्याने चार बोटं दाखवली. तिचा काटा बरोब्बर चाळीसवर! ती आनंदाने हॉर्न वाजवत सुटली.

"आता एकदम बरोबर," व्हॅन थांबल्यावर तो खिडकीशी येऊन म्हणाला. "अन् काही बिघडलं तं... ये. लगेच ये. भांडाले ये."

"नाही बिघडनार. तू केलं न."

त्याचा चेहरा जरासा उतरल्यासारखा तिला वाटला. का, ते कळेना. वाटेत ती गुणगुणत राहिली.

बेबीताई तर काट्यावर भाळलीच. "काय दिसते वो! पोपट बसला जसा!" टोपली मांडीवर घेऊन ती मीटरवर डोळे लावून बसायची. "छत्तीस... अडतीस... चाळीस! बस, आता पुढं नाही."

पायल पुढे जात नव्हती. काटा चाळीसवर, बेबीताई खूश, आणि शाळेचं फाटक मात्र बंद! पहिल्या दिवशी वाटलं, रस्त्यात म्हशी आडव्या आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी म्हशी नव्हत्या, तरी उशीर. रोज मुली फाटकाबाहेर उभ्या, रोज बाईंची बोलणी. बेबीताईची भाजी पोचेपर्यंत सकाळचं गिऱ्हाईक निघून जायचं. आणखी लवकर निघावं तर मुलींनी घरचं पाणी भरायचं कधी? एके दिवशी तर मोपेडवरचा एक दूधवाला व्हॅनच्या बाजूने रमतगमत पुढे गेला आणि जाता जाता मुलींना हात दाखवून गेला.

"कार्बोरेटर साफ कर," उकंडाभाऊ खाटेवरून म्हणाले. तिने केला. प्लग बदलला. चाकांतली हवा पाहिली. सगळ्यावर शंका घेतली, एका काट्यावर सोडून. काट्यावर शंका घ्यायची म्हणजे...

नाही. तिने ते मनातच आणलं नाही.

मग चाचणी परीक्षा आली आणि पहिल्याच पेपरला मुली बाहेर राहिल्या. त्या संध्याकाळी आयांनी ठरवून टाकलं. वावरात कापूस फुटून गळायला लागला होता, वेचायला माणूस मिळत नव्हतं. फाटकाबाहेर उभं राहण्यापेक्षा पोरींनी वेचणीला यावं. बेबीताईने नजर टाळत सांगितलं, "तुया काही दोष नाही वो पायल. चाळीसच्या वर गेली नाही तू, म्या पाह्यलं न. पण आता सोनूले नाही पाठवत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीने व्हॅन काढून, रिकाम्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसली होती. एवढ्यात ओळखीची फटफट ऐकू आली.  गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल थांबली. संघदीप! धुतलेला शर्ट, विंचरलेले केस आणि ओढलेला चेहरा.

"तू आलीच नाही," तो म्हणाला.

"कायले येऊ? मीटर तं बरोबर हाय."

"बरोबर...?" त्याने व्हॅनमध्ये डोकावलं. "पोरी कुठं हाय?"

तिने सांगितलं. सगळं. फाटक, परीक्षा, वेचणी. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला. तो खिडकीला धरून उभा राहिला.

"पायल... त्या दुसऱ्या दिवशी म्या चार बोटं दाखोली न..."

"हो."

"माया मीटरवर तीस होतं."

तिला आधी काही समजलंच नाही.

"काटा म्या मुद्दाम पुढं बसोला. चाळीस दाखोते तवा गाडी तीसवर असते. खोटं बोलाचंच तं सावकाशीच्या बाजूनं बोलावं म्हटलं, कोणाले लागनार नाही. मले वाटलं, तुले दोन दिवसात समजन... तू एवढी चांगली गाडी चालोते. समजन, अन् भांडाले येशीन. मी पुण्याले जाच्या आधी एकदा तरी..." त्याची नजर गल्लीच्या तोंडाकडे गेली. "गल्लीत व्हॅनचा आवाज आला का मी बाहेर पळो. दर वेळेस दुसरीच गाडी."

पायलचे कान तापले. राग, आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी, उसळून वर येऊ पाहणारं. तिने ते दाबलं.

"मले समजलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "इंजिन सांगत होतं मले. पाय सांगत होता. म्या त्यायचं नाही ऐकलं. तुयं ऐकलं."

त्याने मान खाली घातली. असं काही ऐकण्यापेक्षा तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"काढ तुई गाडी," ती म्हणाली आणि व्हॅनला चावी दिली. "माया मागं ये."

"कुठं?"

"वावरात. मले सांगतलं ते बेबीताईले सांग."

बेबीताईच्या वावरात बायका आणि मुली ओळीने वेचत होत्या, कमरेला बांधलेल्या ओट्या कापसाने फुगलेल्या. मोटरसायकल आणि व्हॅन धुऱ्याशी, बांधाच्या कडेला, थांबलेली पाहून सगळ्यांचे हात थबकले. संघदीप पऱ्हाटीच्या ओळींमधून चालत बेबीताईसमोर जाऊन उभा राहिला.

"मावशी, पोरीयले उशीर झाला तो पायलमुळं नाही झाला. काटा खोटा होता. म्या खोटा बसोला. जाणून बसोला."

बेबीताईने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "काहून?"

"ते मीटरमंधी कसं असते—"

"मीटरचं नको सांगू. काहून केलं ते सांग."

संघदीपने एकवार पायलकडे पाहिलं. 

"ही परत यावी म्हणून."

 मग ओळीच्या टोकाला वेचणारी म्हातारी मैनाबाई खुदकन हसली. तिचं हसू ओळीतून पुढे पुढे आलं आणि बघता बघता सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या! मुली तर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. पायलला वाटलं, पऱ्हाटीत बुडी मारावी.

बेबीताई तेवढी हसली नाही. "तुया हौसेपायी माया पोरीचा पेपर गेला."

"हो," तो म्हणाला. "मी शाळेत येतो. बाईसमोर उभा राहतो, खरं खरं सांगतो. पेपर परत घ्या म्हणतो. पाया पडतो."

त्याने सबब सांगितली नाही, नजर चोरली नाही. बेबीताईचा ताठा किंचित सैल झाला. "शाळेचं उद्या पाहू. आधी काटा नीट कर. माया डोळ्यासमोर. चाल!"

धुऱ्यावर, बाभळीच्या सावलीत, बायकांच्या जेवणाच्या डब्यातले दोन चमचे मागून त्याने काटा काढला. त्याच्याभोवती सगळं वावर गोळा झालं होतं. पायल समोर बसली होती, चेहरा कोरा ठेवून. काटा बसवताना त्याने तिच्याकडे पाहिलं.

"भरोसा ठेव म्हणू का?"

"नको म्हणू," ती म्हणाली. "मोजून दाखव."

तपासायची वेळ आली तेव्हा बेबीताईने फर्मान काढलं, "याची बोटं गेली खड्ड्यात. मी पाहते मीटर." आणि पदर खोचून ती त्याच्या मागे मोटरसायकलवर बसली! व्हॅनमध्ये सोनू समोर, बाकीच्या मुली मागे, ओट्यांसकट दाटीवाटीने. पोपटी काटा वाचायचं काम सोनूकडे.

"वीस!" बेबीताई त्याच्या खांद्यावरून डोकावत किंचाळली.

"वीस!" सोनू ओरडली.

"तीस!"

"तीस!"

"चाळीस! बाप्पा, चाळीस हाय!"

"चाळीसच! इथंही चाळीस!"

व्हॅनमध्ये नुसता जल्लोष. कापसाचे पुंजके खिडकीतून उडत होते. कित्येक दिवसांनी गाडी पायांना हवी तशी पळत होती आणि पायलचं मन तिच्याही पुढे पळत होतं. शेजारून तो चालला होता, घाबरलेला, हसरा, बेबीताईच्या मुठीत शर्टाची कॉलर. आत्ता नाही विचारलं तर कधीच नाही, तिला वाटलं.

"पुण्याले कधी चालला?" ती ओरडली.

"काय?"

"पुण्याले कधी चालला विचारते!" सगळ्या मुली एका सुरात.

"सोमवारी!"

पायलने स्टिअरिंग घट्ट धरलं. तोंड खिडकीबाहेर काढलं. "नको जाऊ!"

"ऐकू नाही आलं!"

"नको जाऊ म्हणते, येड्या बह्याडा!" बेबीताई त्याच्या कानातच गरजली.

मोटरसायकल एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे, आणि कडेच्या मुरमात जाऊन थांबली. पायलने व्हॅन पुढे नेऊन उभी केली. तो पळत आला. धापा टाकत, खिडकीत दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"काय म्हणाली? बेबीताईच्या नाही... तुया तोंडून."

"नको जाऊ."

"अन् इथं राहून काय करू? म्या सांगतलं न, कामच नाही."

"मी चालोते गाडी. तू कर दुरुस्त्या. जेवढ्या येतीन तेवढ्या." तिची नजर हलली नाही. "दोघायचं मिळून होईन."

"दोघायचं...?"

मागच्या सीटवरून अशी किंकाळी उठली की रस्त्याकडेचे बगळे उडाले. संघदीप नुसता मान हलवत होता. हो, हो, हो.

"पण एक सांग," पायल म्हणाली. "मले भेटाचं असन तं कसा येशीन?"

"सरळ येईन. 'भेटाले आलो' म्हणून सांगन."

"मंग आताच सांग. बाबा घरी हाय. चाल."

"आता? या कपड्यायवर?"

"ते खाटेवर हाय, उठू शकत नाही. यापेक्षा चांगली वेळ भेटनार नाही तुले."

तो हसला, केसांतून हात फिरवला, शर्ट झटकला आणि मोटरसायकलकडे निघाला. सोनूने आईसाठी व्हॅनचं दार उघडलं. पण बेबीताई व्हॅनकडे आलीच नाही.

"वाटेत पळाला तं धराले कोणी पाह्यजे न," ती म्हणाली आणि पदर खोचून पुन्हा त्याच्या मागे जाऊन बसली.